दुखणं सांगा आणि मग पळा: कॉलेजकडून लांब पल्ल्याचं पळणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी

दुसऱ्या वर्षाला होते. आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्रीची आदली रात्र. होस्टेलच्या बाथरूमचं दार लावून मी एका पायावर उड्या मारून पाहिल्या. डाव्या पायावर सहज दहा झाल्या. उजव्यावर दुसऱ्याच उडीला डोळ्यांत पाणी आलं. नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, रुपयाच्या नाण्याएवढी जागा दुखत होती. रूममेटला सांगितलं नाही, सरांना तर नाहीच नाही. सकाळी वेदनाशामक गोळी घेतली, पळाले, विद्यापीठाच्या संघात निवडही झाली. पण त्या संघाबरोबर मी गेलेच नाही. एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर निघाली, रक्तात हिमोग्लोबिन ९.८ आलं आणि पुढचे पाच महिने ट्रॅक बंद.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून विचारलं, "किती दिवस दुखत होतं?" मी म्हटलं, तीन आठवडे. ते म्हणाले, "तेव्हाच आली असतीस तर आत्तापर्यंत परत पळायला लागली असतीस." हा लेख त्या तीन आठवड्यांसाठी आहे. तुमचे जाऊ नयेत म्हणून.

मी माण तालुक्यातली, शिकले साताऱ्यात. आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाल्या आणि दहाव्या आल्या. त्यामुळे आमच्याकडे मुलगी पळते म्हटल्यावर नाक मुरडणारे कमी झालेत. पण 'पळणाऱ्याला दुखतंच, सहन करायचं असतं' हे मात्र अजून सगळे म्हणतात. तिथेच घोळ होतो.

१. हंगामाआधी दोन फायली करा

पहिली फाइल स्पर्धेची. कॉलेज उघडल्या उघडल्या जिमखान्यात जाऊन पात्रता अर्ज मागा. त्यासाठी साधारण हे लागतं:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका (जन्मतारीख दहावीच्या कागदावरून पाहतात)
- मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि यंदाची फी भरल्याची पावती
- कॉलेजचं ओळखपत्र, आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो
- बँक पासबुकाची झेरॉक्स, प्रवासभत्ता खात्यावर येतो म्हणून

नावात फरक असेल, म्हणजे एका कागदावर वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या. आदल्या दिवशी यादीतून नाव गळालेली मुलं मी पाहिली आहेत.

दुसरी फाइल तब्येतीची. ही कुणी मागत नाही म्हणून कुणी करत नाही. हंगामाआधी, ठणठणीत असताना, एकदा रक्त तपासा: हिमोग्राम, फेरिटिन, ड जीवनसत्त्व, आणि शाकाहारी असाल तर बी-१२. हिमोग्राम सरकारी दवाखान्यात सहज होतो. फेरिटिन मात्र नाव घेऊन मागावं लागतं, आणि नेमकं तेच महत्त्वाचं आहे. फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाची शिल्लक. हिमोग्लोबिन ही रोजची खर्ची धरली, तर फेरिटिन ही कणगी. कणगी रिकामी होत आली तरी काही महिने खर्ची बरी दिसते. स्त्रियांसाठी हिमोग्लोबिनची खालची मर्यादा १२ आणि पुरुषांसाठी १३ धरतात. १२.१ आलं की 'नॉर्मल' म्हणून कागद घडी करून ठेवला जातो आणि मुलगी चौथ्या लॅपला पाय का उचलत नाहीत म्हणून रडत बसते. माझं पहिल्या वर्षी असंच झालं. टायमिंग महिन्यामहिन्याला वाईट होत गेलं, आणि मी सराव वाढवत गेले.

२. रोज पाच ओळी लिहा

दोनशे पानी साधी वही पुरते. ॲप, घड्याळ काही लागत नाही. सकाळी उठल्यावर अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजा आणि लिहा. मग झोप किती, काल किती किलोमीटर, कुठे दुखतंय आणि दहापैकी किती, मुलींनी पाळीची तारीख. बस.

माझ्या वहीतलं एक पान असं आहे: 'नाडी ६४ (नेहमी ५२). झोप ५ तास. यवतेश्वर घाट वर-खाली, १२ किमी. नडगी ३. चढताना नाही, उतरताना दुखली. पाळी नाही, ६७ दिवस.' आज हे पान वाचलं की सगळं समोर दिसतं. त्या वेळी मी फक्त लिहीत होते, वाचत नव्हते. म्हणून दर रविवारी आठवड्याचं वाचा. नाडी सलग तीन दिवस नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त असेल, तर तो आठवडा हलका करा. ताप येण्याआधी दोन दिवस माझी नाडी नेहमी चढते, हे मला वहीनेच शिकवलं.

३. कोणतं दुखणं चालवून घ्यायचं, कोणतं नाही

आदल्या दिवशी जोराचा सराव झाला आणि दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या भरून आल्या, तर ते श्रमाचं दुखणं. दोन-तीन दिवसांत जातं. नडगीच्या कडेने वीतभर लांबीत ठणकतं आणि वॉर्मअपनंतर कमी होतं, ते बहुतेक वेळा शिन स्प्लिंट. अंतर कमी करा, डांबरी रस्ता सोडून मातीवर या, बूट पाहा.

खालच्यातलं काहीही असेल तर त्या दिवशी पळायचं नाही:

- एका बोटाने दाखवता येईल अशी हाडावरची जागा दुखणं
- पळताना वाढत जाणारं, आणि पुढे चालताना किंवा रात्री झोपेतही ठणकणारं दुखणं
- जांघेत खोल दुखणं, पाय टेकवताना कळ येणं
- दुखण्यामुळे पाऊल वाकडं पडणं, लंगडणं

यातल्या जांघेच्या दुखण्याला अजिबात हलक्यात घेऊ नका. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असेल आणि ती सरकली, तर ऑपरेशनवर जातं. 'जांघेतली नस धरलीय' असं म्हणून पंधरा दिवस तेल लावून घेणारा एक मुलगा आमच्याबरोबर होता. त्याचं पळणं तिथंच संपलं.

इथला मोठा सापळा एक्स-रेचा. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेक दिसतच नाही. 'एक्स-रे क्लिअर आहे' हे ऐकलं की सर खूश, घरचे खूश, आपण दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर. बोटाने दाखवता येणारं दुखणं असेल आणि एक्स-रे कोरा असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: एमआरआय करायचा का, की आधी तीन आठवडे विश्रांती घेऊन बघायचं? दोन्ही मार्ग चालतात. कोरा एक्स-रे घेऊन पळणं चालत नाही. एमआरआयचा खर्च जड वाटला तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात चौकशी करा, तिथे बरंच कमी लागतं. तारीख उशिरा मिळते, तोवर पाय तर शांत राहतो.

दुसरा सापळा चोळण्याचा. हाड दुखत असताना त्या जागी चोळून घेऊ नका. मीही चोळून घेतलं होतं, दोनदा.

४. सांगायचं कुणाला आणि कसं

आपण का लपवतो, हे मला ठाऊक आहे. संघात जागा मोजक्या असतात. सरांनी आपल्यासाठी खटपट केलेली असते. घरी सांगितलं तर आई म्हणते, पुरे झालं पळणं, परीक्षेचं बघ. आणि भरतीची तयारी करणाऱ्यांना तर एकेक दिवस मोलाचा वाटतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, त्यामुळे सकाळी कॉलेजचा सराव आणि संध्याकाळी अकॅडमीचा, असे दोन-दोन सराव करणारी पुष्कळ मुलं आहेत. दोन्हीकडच्या सरांना एकमेकांचं माहीत नसतं. दोघांनाही सांगा. हाड किलोमीटर मोजताना कॉलेजचे वेगळे, अकॅडमीचे वेगळे असं करत नाही.

सांगताना 'सर, पाय दुखतोय' एवढंच म्हणू नका. सगळ्यांचेच पाय दुखत असतात. वही घेऊन जा आणि असं सांगा: "सर, उजव्या नडगीला एकाच जागी दुखतंय, नऊ दिवस झाले. आधी दोन होतं, आता पाच. काल उतारावर लंगडले. मला तीन दिवस पळणं बंद करून डॉक्टरांना दाखवायचंय. तोवर सायकल करू का?" तारीख, जागा, आकडा आणि पुढचं काम. एवढं नेमकं सांगितल्यावर माझ्या सरांनी एकदाही 'नाटक करतेस' म्हटलं नाही. पहिल्या वर्षी मी असं सांगितलंच नव्हतं, आणि ते रागावतील असं मीच ठरवून टाकलं होतं.

पाळीबद्दल सरांशी बोलायला अवघड वाटत असेल, तर कॉलेजातल्या एखाद्या मॅडमना किंवा सीनियर ताईला मध्ये घ्या. पण बोला.

संघाबरोबर प्रवासाला निघणार असाल तर व्यवस्थापक मॅडम किंवा सरांना तुमच्या गोळ्यांची यादी लिहून द्या. रेल्वेत रात्री दम लागला तर इनहेलर कोणत्या कप्प्यात आहे, हे एकाला तरी माहीत हवं.

५. ताप आला तर

आपल्याकडे क्रॉस कंट्रीची तयारी पावसाळ्यातच चालते, आणि डेंग्यूचेही तेच दिवस. नियम एकच ठेवा: अंगात ताप असताना पळायचं नाही, वॉर्मअपसुद्धा नाही. विषाणूच्या तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्या अवस्थेतला जोराचा व्यायाम जिवावर बेततो. नुसतं नाक गळत असेल, ताप नसेल, तर हलकं पळायला हरकत नाही. छातीत घरघर, अंगदुखी, ताप असेल तर पडून राहा.

डेंग्यूची शंका असेल तर तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. खेळाडूच्या पिशवीत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असतंच. त्याला हात लावू नका, रक्तस्राव वाढू शकतो. आणि ताप उतरला म्हणून उठू नका. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच खरे जोखमीचे असतात. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं तर थेट रुग्णालय.

प्लेटलेट वाढल्या तरी शीण राहतो. मला तिसऱ्या वर्षी डेंग्यू झाला, तेव्हा पहिला आठवडा फक्त चालले. जिना चढून नाडी मोजायची, आदल्या दिवसापेक्षा कमी झाली की दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. पूर्वीचं टायमिंग यायला दोन महिने लागले. घाई केली नाही, म्हणून तो हंगाम वाचला.

६. औषध घेण्याआधी हे वाचा

हा टप्पा नीट वाचा, कारण इथे निष्पाप मुलं अडकतात. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांसारख्या ठिकाणी नाडा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, लघवीचे नमुने घेते. नियम असा आहे की तुमच्या अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी तुमची. 'डॉक्टरांनी दिलं' म्हणून आपोआप सुटका होत नाही.

सलाईन. आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की बाटली लावतात. पण शिरेतून १२ तासांत १०० मिलीलिटरपेक्षा जास्त द्रव घेणं खेळाडूंना वर्षभर निषिद्ध आहे, मग बाटलीत साधं मीठ-पाणी असो, ग्लुकोज असो की लोह. नेहमीची बाटली ५०० मिलीची असते. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणीसाठी लागलं तर सवलत आहे, पण 'जरा ताकद येईल' म्हणून दवाखान्याच्या खाटेवर लावलेली बाटली त्यात बसेल असं धरू नका. खरोखर आजारी असाल तर उपचार आधी घ्या आणि डिस्चार्ज कार्ड, चिठ्ठ्या, बिलं सगळं जपून ठेवा.

खोकल्याचं औषध. आपल्याकडच्या कित्येक कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते सदैव निषिद्ध आहे. बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा.

दमा. साल्ब्युटामॉलचा इनहेलर चालतो, पण मर्यादेत: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. एका दाबात १०० मायक्रोग्रॅम धरले तर ८ तासांत सहा दाब. दवाखान्यात नेब्युलायझरने वाफ देतात, तिच्यात औषध कितीतरी जास्त असतं. ती घ्यावी लागली तर कागद हवाच.

स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन. ताप, दम, गुडघेदुखी, कशासाठीही 'एक सुई मारतो, लगेच बरं वाटेल' म्हटलं की सुईचं नाव विचारा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत आणि दिलेल्या दिवसानंतरही काही दिवस अंगात राहतात. स्पर्धाकाळ स्पर्धेच्या आदल्या रात्री ११.५९ ला सुरू होतो.

खरंच गरज असेल तर उपचारासाठी सूट मागता येते. ती शक्यतो स्पर्धेच्या ३० दिवस आधी मागायची असते. निषिद्ध औषधांची यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते, त्यामुळे मागच्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल असं नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हे: "मी विद्यापीठाची खेळाडू आहे, माझी उत्तेजक चाचणी होऊ शकते."

७. पोटात काय जातंय

माझ्या हाडाच्या चिरेचं मूळ पायात नव्हतंच, ते ताटात होतं. हलकी झाले की वेगाने पळेन म्हणून मी रात्रीची भाकरी एकवर आणली. पाळी थांबली, तेव्हा 'बरं झालं, कटकट गेली' असं वाटलं. मुलींनो, तीन महिने पाळी आली नाही तर ते फिट असल्याचं लक्षण नव्हे. शरीराला पळण्यापुरतंही पुरत नाही, म्हणून त्याने बाकीची कामं बंद करायला घेतली आहेत, आणि हाडं त्यातच येतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन डॉक्टरांना सावध केलंय. मुलांनाही ती होते, फक्त त्यांना पाळीसारखी खूण मिळत नाही. त्यांनी वजन, झोप आणि वारंवार येणारं आजारपण पाहावं.

मेसच्या जेवणात काय करता येतं? सराव संपल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात जाऊ द्या: शेंगदाणे-गूळ, दोन केळी, उकडलेली अंडी, रताळं. मटकीची उसळ, शेवग्याचा पाला, हळीव यांत लोह आहे, त्यावर लिंबू पिळा, म्हणजे ते अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासभर तरी जाऊ द्या. आमच्याकडे हे सगळ्यात अवघड होतं, कारण मेसचा चहा जेवणानंतर लगेच यायचा. मी थर्मासमध्ये भरून ठेवायला लागले. लोहाच्या गोळीने शौच काळी होते, घाबरू नका. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना वेळ किंवा प्रमाण बदलून विचारा, पण गोळी गुपचूप बंद करू नका. पळताना पुन्हा जीव यायला मला दीड-दोन महिने लागले.

८. परत येताना

बसून राहण्याच्या काळात दम टिकवायचा असेल तर पाण्यात पळा. जवळ तलाव नव्हता, म्हणून मी गावच्या विहिरीत पळायचे. लहान पोरांना पोहायला शिकवताना बांधतात तसा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन कमरेला, पाय तळाला न लागू देता जागच्या जागी धाव. दोन मिनिटं जोरात, एक मिनिट सावकाश, असं वीस मिनिटं. आप्पा काठावर दोर धरून बसायचे. एकटीने कधीही उतरू नका, पोहता येत असलं तरी.

नडगीच्या हाडाला बहुधा सहा ते आठ आठवडे लागतात, पण कॅलेंडर पाहून सुरू करू नका. आधी अर्धा तास भरभर चालून अजिबात दुखायला नको, दाबून दुखायला नको. मग एक मिनिट धाव, चार मिनिटं चाल, असं सहा वेळा, एक दिवस आड, मातीवर. दुखलं नाही तर पुढच्या वेळी दोन मिनिटं धाव, तीन मिनिटं चाल. पुन्हा अंतर वाढवताना आठवड्याला दहा टक्क्यांचा हिशेब सगळे सांगतात. तो काही दगडावरची रेघ नाही, पण अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका, एवढं पाळा. घाटाचा उतार आणि स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) सगळ्यात शेवटी.

या दिवसांत मन फार खचतं. ग्राउंडच्या कडेला बसून मैत्रिणींचे लॅप मोजायचे दिवस कठीण असतात. २०२५ च्या जुलैत मोनॅकोला आपल्या बीडच्या अविनाश साबळेच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. पॅरिस डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८:०९.९१ मिनिटांत पळालेला माणूसही थांबतो, शस्त्रक्रिया करून घेतो, चालण्यापासून सुरू करतो. मी मात्र खचून चार दिवस खोलीबाहेर पडले नव्हते. तुमचं तसं झालं तर कुणाला तरी खोलीवर बोलावून घ्या.

९. कागद पुन्हा एकदा

आजारपणात वर्ग बुडाले तर वैद्यकीय प्रमाणपत्र बरं झाल्यावर एकदम देऊ नका, त्याच आठवड्यात कार्यालयात द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. हजेरीचा प्रश्न सत्राच्या शेवटी निघतो, तेव्हा तारखा कुणाला आठवत नाहीत. स्पर्धेला गेलेल्या दिवसांचं पत्र जिमखान्यातून वेगळं घ्या.

एक वर्ष हातचं गेलं तर लगेच 'संपलं' म्हणू नका. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची मर्यादा २५ आहे, पदव्युत्तरला प्रवेश घेऊनही पळता येतं. मी एम.ए.ला असतानाच विद्यापीठाच्या संघातून पहिल्यांदा पळाले.

सहभागाचं आणि पदकाचं प्रमाणपत्र त्याच महिन्यात मूळ प्रत म्हणून ताब्यात घ्या. नाव, स्पर्धेची तारीख, क्रमांक तिथल्या तिथे तपासा. राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याआधी प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. कोणत्या स्तराचं प्रमाणपत्र कोणत्या पदाला चालतं, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

१०. स्पर्धेच्या सकाळी

वही उघडा. रात्रीची नाडी नव्हे, आत्ताची मोजा. एका पायावर दहा उड्या, मग दुसऱ्या पायावर दहा, आणि या वेळी दार उघडं ठेवून, कुणासमोर तरी. चालू दुखणं तीनच्या वर असेल किंवा अंग गरम असेल, तर चेस्ट नंबर लावण्याआधी सरांकडे जा. शर्यतीत चक्कर, छातीत दुखणं, उन्हात अचानक थंडी वाजणं किंवा हाडात कळ असं काही झालं तर कडेला या, हात वर करा, खाली बसा. पाणी अंगावर ओता. स्वयंसेवकाला तुमचा नंबर आणि काय होतंय ते सांगा. शेवटच्या वर्षी सात किलोमीटरला मी अशी थांबले. सर सायकलवरून आले, वही मागितली, त्यात 'नडगी ४, सात किमी' लिहिलं आणि मला मागे बसवून तंबूकडे घेऊन गेले. अठरा दिवसांनी मी ५००० मीटर पळाले.